रिपोर्ट नॉर्मल आहेत, तरी छातीतली धडधड थांबत नाही

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: वय ३८, शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत सुपरवायझर, शिफ्टची ड्युटी. आठ महिन्यांपूर्वी तुमचे चुलतभाऊ अटॅकनं गेले, वय अवघं ४३. त्यांच्या बाराव्यानंतर आठवड्याभरात रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या तुमच्या छातीत "पाखरू फडफडल्यागत" झालं, एक ठोका चुकला आणि पाठोपाठ आतून धक्का बसला. तेव्हापासून हे जवळजवळ रोज होतं. चार ईसीजी, टूडी इको, थायरॉइड, हिमोग्लोबिन, चोवीस तासांचा होल्टर (अंगावर लावून ठेवायचं ईसीजीचं छोटं यंत्र), सगळं झालं. होल्टरमध्ये ३१२ जादा ठोके निघाले, बाकी सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेऊ नका. तुम्ही रंकाळ्यावर फिरायला जाणं सोडलं, जिना चढताना मध्येच थांबता, मनगटावरच्या घड्याळात नाडी दिवसातून चाळीस-पन्नास वेळा बघता, आणि दोनदा मध्यरात्री कॅज्युअल्टीत जाऊन आलात. शेवटी विचारलंय, "हे हार्टचं आहे की मनाचं? आणि मी पूर्वीसारखा पायी जोतिबाला जाऊ शकेन का?"

मी कोल्हापुरात तेवीस वर्षं फिजिशियन म्हणून प्रॅक्टिस करतेय. दर आठवड्याला दोन-तीन पेशंट तरी असे येतात, की हातातली फाईल जाडजूड, आतलं प्रत्येक पान नॉर्मल, आणि चेहरा मात्र रात्र रात्र न झोपलेल्या माणसाचा. त्यामुळे तुम्ही लिहिलेलं मला अगदी ओळखीचं आहे.

"हार्टचं की मनाचं" असं विचारताना आपण धरून चालतो, की दोन्हींपैकी एकच खरं असणार. घरचेही तसंच म्हणतात: रिपोर्ट चांगले आलेत ना, मग तुझ्या मनाचेच खेळ. पण तुमचा ठोका हृदयातच चुकतो, होल्टरनं तो कागदावर पकडलाय. तुम्ही काही मनानं रचत नाही. त्या ठोक्याची भीती ही दुसरी गोष्ट, आणि तीही तितकीच खरी. आठ महिने तुम्हाला घरात बसवलंय ते त्या भीतीनं. "टेन्शन घेऊ नका" हे म्हणूनच अपुरं पडतं. निदान सांगितलं, उपाय सांगितलाच नाही. तुम्हाला खरं हवंय ते हे: रिपोर्ट हातात असूनही विश्वास का बसत नाही, आणि रात्री दोन वाजता छातीत धस्स झालं तर नेमकं काय करायचं.

जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते आधी सांगते, कारण मी तुम्हाला तपासलेलं नाही. तुमच्या भावांचं नक्की काय झालं, हे महत्त्वाचं आहे. छातीत दुखलं, अँजिओग्राफीत ब्लॉक निघाला आणि मग गेले असतील, तर तो रक्तवाहिन्यांचा आजार. त्याचा तुमच्या या फडफडीशी थेट संबंध नाही, पण तुमचं बीपी, साखर, कोलेस्टेरॉल एकदा बघून घ्यायला हवं आणि तंबाखू किंवा सिगारेट असेल तर ती सुटायला हवी. मात्र ते झोपेत किंवा पळता पळता अचानक गेले असतील, कारण कळलंच नसेल, किंवा घराण्यात आणखी कुणी चाळिशीच्या आत असंच गेलं असेल, तर ते तुमच्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा. हृदयाच्या स्नायूचे आणि त्यातल्या विद्युतप्रवाहाचे काही आजार घराण्यातून येतात. ते ईसीजीत आणि इकोत मुद्दाम शोधावे लागतात, आणि शोधायचे हे डॉक्टरांना तुमच्या सांगण्यातूनच कळतं.

आणखी काही गोष्टी अशा आहेत, की त्या असतील तर माझं हे उत्तर बाजूला ठेवा. धडधडीबरोबर शुद्ध हरपणं किंवा अंधारी येऊन पडणं. छातीवर दाब येऊन तो हातात, जबड्यात, पाठीत जाणं आणि दरदरून घाम फुटणं. बसल्या जागी धाप लागणं. नुसतं बसलेलं असताना नाडी दीडशेच्या वर जाऊन दहा-पंधरा मिनिटांत न उतरणं. पळताना-चढताना धडधड सुरू होऊन चक्कर येणं. यातलं काहीही झालं तर १०८ ला फोन करायचा किंवा जवळचं हॉस्पिटल गाठायचं, मग रात्रीचे किती का वाजलेले असेनात. तुम्ही लिहिलंय त्यात यातलं काहीच नाही, म्हणून पुढचं लिहितेय.

पेशंट "धडधडतं" म्हणाला की मी त्याला टेबलावर बोटानं ते वाजवून दाखवायला सांगते. सुरुवातीला लोक संकोचतात, पण एकदा वाजवायला लागले की अर्धं निदान तिथेच होतं. कुणी वाजवतं: टक, टक, टटक... मग मोकळी जागा... आणि टक्क! हे जादा ठोके, ज्यांना आम्ही एक्टोपिक म्हणतो. कुणी शिलाई मशीन सुरू केल्यासारखं एकदम भरभर आणि अगदी एका तालात वाजवतं, आणि सांगतं, की बटण दाबल्यासारखं सुरू होतं आणि तसंच बंद होतं. तिथे एसव्हीटीचा संशय घ्यायचा, म्हणजे हृदयातल्या एखाद्या जादा वाटेमुळे विजेचा प्रवाह गोल गोल फिरून ठोके एकदम वेगानं पडायला लागतात. वय झालेला माणूस पत्र्यावर पाऊस पडल्यासारखं, काही ताल न लागणारं वाजवतो. ते एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा ताल पार विस्कटणं, असू शकतं. त्यात रक्ताची गुठळी होऊन लकव्याचा धोका असतो, म्हणून ते चुकवून चालत नाही. आणि कुणी हळूहळू वाढवत नेतं, हळूहळू उतरवतं, घाटात चढणाऱ्या आणि उतरणाऱ्या एसटीसारखं. ते बहुतेक वेळा हृदयाचा नेहमीचाच ताल असतो, फक्त भीतीनं, तापानं, रक्त कमी असल्यानं किंवा थायरॉइडनं वेग धरलेला.

हे मी एका चुकीतून शिकले. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत एक तरुण मुलगी तीन वेळा आली. दर वेळी येईपर्यंत सगळं शांत, ईसीजी नॉर्मल. लग्न ठरलेलं होतं, मी म्हणाले, टेन्शन आहे. चौथ्या वेळी तिचा भाऊ तिला धडधड चालू असतानाच घेऊन आला. नाडी १९० होती. एसव्हीटी होता. पुढे अब्लेशन झालं, म्हणजे पायाच्या शिरेतून तार नेऊन हृदयातली ती जादा वाट बंद केली, आणि ती बरी झाली. मी तिला सुरुवात-शेवट कसा होतो एवढं विचारलं असतं तरी पुरलं असतं. तेव्हापासून "टेन्शन" हा शब्द मी सगळं ऐकून झाल्याशिवाय काढत नाही. तुमच्या वर्णनात "एक ठोका चुकतो आणि मग धक्का" हे स्पष्ट आहे आणि होल्टरही तेच सांगतो. म्हणून जरा निश्चिंतपणे पुढे जाऊ.

आता तो ठोका म्हणजे काय ते सांगते, कारण इथेच बहुतेकांचा गैरसमज असतो. हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात सायनस नोड नावाचा पेशींचा पुंजका असतो, तो ताल देतो. दिवसाला साधारण एक लाख ठोके. हृदयाच्या बाकीच्या पेशींनाही स्वतःहून ठोका देता येतो, आणि कधीतरी त्यातली एखादी आपली पाळी यायच्या आधीच ठोका देऊन टाकते. तेव्हा हृदय पुरतं भरलेलं नसतं, म्हणून तो ठोका मनगटापर्यंत पोचत नाही. तुम्हाला वाटतं, ठोका चुकला. मग हृदय क्षणभर थांबतं. त्या वेळात ते नेहमीपेक्षा जास्त भरतं, आणि पुढचा ठोका ते जास्तीचं रक्त जोरानं बाहेर टाकतो. तोच तो धक्का. म्हणजे ज्या धक्क्यानं तुमच्या पोटात गोळा येतो, तो बिघडलेला ठोका नसतोच. तो हृदय आपल्या तालावर परत आल्याचा ठोका असतो.

एक प्रसंग सांगते. तुमच्याच वयाचे एक गृहस्थ होते, दर पाच मिनिटांना दचकायचे. त्यांना ईसीजीच्या पलंगावर झोपवलं, मशीन चालू ठेवलं, गुलाबी चौकटींचा कागद सेकंदाला पंचवीस मिलिमीटरनं बाहेर येत होता. त्यांना सांगितलं, धक्का बसला की "आत्ता" म्हणा. तीन मिनिटांत ते चार वेळा "आत्ता" म्हणाले. मग तो लांब कागद त्यांच्या पुढ्यात पसरला आणि पेननं दाखवलं: हा रुंद, घाईचा ठोका जादाचा, ही मोकळी जागा, आणि तुम्ही "आत्ता" म्हणालात तो हा, जागा सोडून आलेला, अगदी साधा, शेजारच्यासारखाच. ते बराच वेळ त्या ठोक्यावर बोट ठेवून बसले होते. मग त्यांना दोन जिने चढून यायला लावलं आणि लगेच पुन्हा पट्टी काढली. नाडी १२० आणि एकही जादा ठोका नाही. हृदयानं वेग धरला की ताल देणारा सायनस नोडच पुढे असतो, मधल्या पेशींना डोकं वर काढायला वेळ मिळत नाही. साध्या एक्टोपिकमध्ये बहुधा असंच दिसतं. तुमच्या बाबतीत उलट होत असेल, म्हणजे चढताना ठोके वाढत असतील, तर ट्रेडमिलवरची स्ट्रेस टेस्ट करून घ्या. हे मात्र विचारल्याशिवाय सोडू नका.

रात्रीच का होतं, त्याचंही कारण यातच आहे. झोपताना हृदय संथ होतं, दोन ठोक्यांमधली जागा वाढते, जादा ठोक्याला शिरायला वाव मिळतो. त्यातून डाव्या कुशीवर झोपलं की हृदय छातीच्या भिंतीला टेकतं आणि प्रत्येक ठोका आपटल्यासारखा वाटतो. खोलीत शांतता, उशीवर टेकलेल्या कानात नाडीचा आवाज, आणि ऐकणारे तुम्ही एकटे. वर नऊच्या पुढे तांबडा-पांढरा भरपेट झाला असेल तर पोट फुगून आणखी जाणवतं. दिवसा फौंड्रीच्या आवाजात हेच ठोके होऊन जातात आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. होल्टरवरच्या वेळा बघा. त्यात दुपारचेही असतील, आणि त्या दुपारी तुम्ही आरामात काम करत होतात.

३१२ हा आकडा तुम्हाला मोठा वाटतोय. लाखाच्या हिशोबात तो अर्धा टक्कासुद्धा भरत नाही. निरोगी माणसांना चोवीस-अठ्ठेचाळीस तास होल्टर लावला तरी बहुतेकांच्या नोंदीत थोडेफार असे ठोके सापडतातच. आम्ही काळजी करायला लागतो ते एकूण ठोक्यांच्या दहा टक्क्यांच्या पुढे, म्हणजे दिवसाला दहा हजारांच्या आसपास. तेवढे वर्षानुवर्षं राहिले तर काहींचं हृदय अशक्त होऊ शकतं, आणि त्यावरही उपाय आहेत.

मग हे ठोके बंद करायची गोळी का देत नाही, असं पेशंट हमखास विचारतात. देता येते, पण त्यामागे एक कडू इतिहास आहे. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या लोकांचे जादा ठोके औषधानं दाबले तर ते जास्त जगतील, असं एके काळी सगळ्यांनाच वाटायचं. ते तपासायला अमेरिकेत कास्ट नावाचा अभ्यास झाला. औषधांनी ठोके दाबले गेले, पण औषध घेणाऱ्यांमध्येच मृत्यू जास्त व्हायला लागले. १९८९ मध्ये त्या दोन औषधांचा भाग मध्येच थांबवावा लागला. ते रुग्ण तुमच्यापेक्षा फार वेगळे होते, त्यांची हृदयं आधीच दुखावलेली होती. पण त्यातून आम्ही धडा घेतला: कागदावरचा ठोका पुसायचा म्हणून औषध द्यायचं नाही. निरोगी हृदयातल्या ३१२ ठोक्यांना मी हात लावणार नाही, आणि तुमच्या डॉक्टरांनी लावला नाही तो निष्काळजीपणा नव्हे.

आता भीतीचं. ही तक्रार काही आजकालची नाही. १८७१ मध्ये जेकब डा कोस्टा या अमेरिकन डॉक्टरनं तिथल्या यादवी युद्धातल्या सैनिकांबद्दल लिहिलं, की त्यांना धडधडतं, छातीत दुखतं, धाप लागते, पण हृदयात दोष सापडत नाही. मृत्यू जवळून पाहिलेली माणसं होती ती. तुम्हीही भावाला खांदा दिलात आणि महिन्याच्या आत तुम्हाला पहिल्यांदा छातीत फडफड जाणवली. कदाचित असे ठोके तुम्हाला आधीही येत असतील. पण आता मेंदूनं त्या जागी पहारा बसवला. पहारेकऱ्याला नेमून ठेवलं की तो काही ना काही शोधून काढतोच.

पुढचं चक्र असं चालतं. ठोका चुकतो. मेंदू म्हणतो, भावासारखं झालं. अ‍ॅड्रिनलिन सुटतं आणि नाडी ७२ वरून ११० होते. आता खरंच धडधडायला लागतं, म्हणजे संशयाला पुरावा मिळाला. श्वास भरभर चालतो, त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि त्यानं बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. हातात मुंग्या म्हणजे अटॅकच, असं वाटून आणखी अ‍ॅड्रिनलिन. सगळं मिळून दहा-वीस मिनिटांचा पॅनिक अटॅक होतो, आणि कॅज्युअल्टीत पोचेपर्यंत तो उतरलेला असतो. मी काही पेशंटना, दमा किंवा फिटचा आजार नाही ना हे बघून, समोर खुर्चीवर बसवून मिनिटभर मुद्दाम जोरजोरात श्वास घ्यायला लावते. चाळीस सेकंदांत म्हणतात, "डॉक्टर, हेच. रात्री हेच होतं." खुर्चीवर, दिवसाढवळ्या, नुसत्या श्वासानं. तेव्हा मुंग्यांची भीती जी जाते ती कुठल्याच रिपोर्टनं जात नाही.

आणि रिपोर्टनं विश्वास का बसत नाही, ते आता तुमच्या लक्षात येईल. घड्याळ बघितलं, ७६ दिसलं, बरं वाटलं. ते बरं वाटणं दहा मिनिटं टिकतं. पण मेंदू शिकतो ते हे, की बघितलं म्हणून वाचलो. म्हणून पुन्हा बघायला लागतं. पाचव्या ईसीजीनंही तेवढंच होणार. जिन्यात थांबलात, काही झालं नाही. मेंदू म्हणतो, थांबलो म्हणून झालं नाही. रंकाळा सोडलात तेव्हाही हेच. सावधगिरी म्हणून केलेली प्रत्येक गोष्ट भीतीला खतपाणी घालते. तपासणी एकदा, पूर्ण आणि नीट करायची, आणि मग थांबवायची. आठ महिन्यांत तुमची ती झालेली आहे.

मी तुमच्या जागी असलेल्या पेशंटला साधारण हे करायला सांगते. घड्याळ चार आठवड्यांसाठी काढून कपाटात. ऑक्सिमीटर घरात असेल तर तोही. एका कागदावर वर लिहिलेली धोक्याची लक्षणं मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर लावा, कारण रात्री दोन वाजता डोकं चालत नाही, तेव्हा ठरवायचं काम कागदावर सोपवायचं. कागदातलं काही असेल तर लगेच निघायचं, वाद नाही. नसेल तर घरीच थांबायचं.

ठोका चुकला की मनात त्याला नाव द्या: "जादा ठोका आला, आता धक्का येईल." आला की "आला." बस. गळ्याशी, मनगटाशी बोट न्यायचं नाही. उठून बसायचं नाही, कूस बदलावीशी वाटली तर बदला. श्वास आत घेताना चारपर्यंत, सोडताना सहापर्यंत मोजा, असे पाच-सात. इथे एक बारकावा आहे आणि तो फार जण चुकवतात: ठोका थांबावा म्हणून हा श्वास घ्यायचा नाही. तसं केलंत तर प्रत्येक श्वासानंतर "थांबला का?" म्हणून पुन्हा आत डोकावाल. श्वास अ‍ॅड्रिनलिन उतरण्यासाठी आहे. ठोका येऊ दे, जाऊ दे. पहिले आठ-दहा दिवस हे अवघड जातं, भीती वाढल्यासारखीही वाटते. तेव्हा सोडू नका.

चहा-कॉफीबद्दल माझं मत जरा मवाळ आहे. दिवसाला दोन-तीन कप चहानं बहुतेकांचे ठोके वाढत नाहीत. दोन आठवडे बंद करून बघा, फरक पडला नाही तर उगाच एक आनंद कमी करू नका. दारू, तंबाखू, मावा, एनर्जी ड्रिंक यांच्याबाबत मी मवाळ नाही. सर्दीच्या काही गोळ्यांत आणि दम्याच्या पंपात नाडी वाढवणारी औषधं असतात, तेही लक्षात ठेवा. तुमच्या बाबतीत मला जास्त शंका आहे ती झोपेची आणि पाण्याची. रात्रपाळीच्या आठवड्यात त्रास वाढतो का, हे दोन महिने कॅलेंडरवर फक्त एका खुणेनं नोंदवा. भट्टीजवळ घामानं पाणी आणि क्षार दोन्ही जातात. शिफ्टमध्ये पाणी, ताक, लिंबू-मीठ घालून सरबत घेत राहा. झोप मोडलेली आणि अंग सुकलेलं असलं की जादा ठोके वाढलेले मी खूप पाहिलेत.

तुम्ही लिहिलंय, की मेडिकलमधून कुणाच्या तरी सांगण्यावरून झोपेची अर्धी गोळी आणता. अल्प्राझोलाम असावी. ही सवय लावणारी गोळी आहे, आणि ती उतरताना धडधड उलट वाढते. रोज घेत असाल तर एकदम बंद करू नका, डॉक्टरांना सांगून हळूहळू कमी करा. प्रोप्रानोलॉल ही गोळी धडधड कमी करते, काहींना थोड्या दिवसांसाठी मीही देते, पण दमा असेल तर नाही, आणि तीही मनानं सुरू-बंद करायची नाही. दोन महिन्यांत फरक पडला नाही, कामावर जाणंच बंद होऊ लागलं, किंवा मन सतत उदास राहिलं, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. आपल्याकडे त्या दारात गाडी उभी दिसली तरी लोक बोलतात, मला ठाऊक आहे. पण कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी म्हणजे वर सांगितलेलंच काम, शिकलेल्या माणसाबरोबर, टप्प्याटप्प्यानं. चिंतेवरची औषधंही चांगली काम करतात. त्यांना दोन ते चार आठवडे लागतात आणि पहिल्या आठवड्यात थोडी अस्वस्थता वाढू शकते, हे आधी माहीत असलं की लोक मध्येच सोडत नाहीत. खर्चाचा प्रश्न असेल तर कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी हॉस्पिटलमध्ये मानसोपचार विभाग आहे. नुसतं बोलायचं असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, मराठीतही बोलतात.

तुमच्या मिसेस रात्री जाग्या राहून तुमच्या छातीवर हात ठेवतात, असंही लिहिलंय. त्यांना माझं एक सांगा. "काही होणार नाही" हे पन्नास वेळा म्हणणंही घड्याळ बघण्यासारखंच आहे, दहा मिनिटं टिकतं. त्यापेक्षा त्यांनी एवढंच विचारावं: "कागदातलं काही आहे का?" नसेल तर दिवा मालवून दोघांनी झोपावं. आणि दिवसा कधीतरी भावाबद्दल बोला. तुमच्या इतक्या लांब पत्रात त्यांच्याबद्दल फक्त एक ओळ होती, आणि मला वाटतं तिथे बरंच काही अडलेलं आहे.

आता जोतिबा. भावांबद्दल लिहिलं त्यात काही निघालं नाही आणि चढताना ठोके वाढत नाहीत एवढं नक्की झालं, की जायला हरकत नाही. पण एकदम नको. आठ महिने अंग बसून आहे, त्यामुळे दम लागेल आणि तो दम तुम्ही हृदयावर घ्याल. पहिला आठवडा रंकाळ्यावर दहा मिनिटं जाऊन दहा मिनिटं परत, हवं तर मिसेसबरोबर. दुसऱ्यापासून एकटे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पूर्ण फेरी, घड्याळाशिवाय. कंपनीतला जिना न थांबता चढायचा, पहिल्या दिवसापासून. मग एका रविवारी पन्हाळ्याला गाडी खाली लावून थोडं चढून बघा. तीनेक महिन्यांनी तुमच्या नेहमीच्या मंडळींबरोबर पहाटे निघा. डोंगराची चढण लागली की छाती धडधडणार, घामही येणार. तेव्हा जरा बाजूला थांबा आणि बरोबरच्या दोघा-तिघांना विचारा, त्यांचं काय होतंय.